होर्टाची अंडी आणि कोकणचा सडा

खाणीच्या मुख्य अधिकाऱ्याच्या टेबलावर एक गोळा ठेवलेला असतो. गोल, गुळगुळीत, सिलिकॉनचा. खालच्या थरात खोदकाम सुरू झालं तेव्हा असे गोळे हजारोंनी सापडले. बाजारात त्यांना किंमत नाही आणि कामात अडथळा होतो, म्हणून ते फोडले गेले. एखादा शोभेची वस्तू म्हणून वर आला. ती अंडी होती, हे फार उशिरा कळतं.

'स्टार ट्रेक' या अमेरिकी मालिकेच्या पहिल्या पर्वातला हा भाग. जीन कून यांनी तो लिहिला आणि ९ मार्च १९६७ रोजी तो तिकडे प्रसारित झाला. जानस सहा नावाच्या ग्रहावर पर्जियम या खनिजाची खाण चालू आहे. तिथले पन्नासहून जास्त लोक एकामागून एक जळून मेले आहेत. खडक विरघळवत वाट काढणारं काहीतरी भुयारांतून फिरतंय आणि कोणत्याही हत्याराला दाद देत नाहीये. ते वसाहतीच्या अणुभट्टीचा पंपही पळवून नेतं, म्हणजे माणसांना तिथे राहणंच अशक्य व्हावं. मदतीला आलेला कॅप्टन कर्कही आधी त्याला मारायलाच निघतो. पण समोरासमोर आल्यावर तो बार काढत नाही. मग त्याचा सहकारी स्पॉक त्या जखमी जिवाच्या मनाशी आपलं मन जोडतो आणि सगळा उलगडा होतो. ती होर्टा आहे. दर पन्नास हजार वर्षांनी तिची सगळी जमात मरते, एकच मागे राहते, आणि पुढच्या पिढीची अंडी फुटेपर्यंत ती त्यांची राखण करते. खाणवाले नेमके त्या अंड्यांच्या दालनात घुसले होते.

रत्नागिरी-सिंधुदुर्गात सड्यांवर, म्हणजे कातळाच्या पठारांवर, काय चाललंय याबद्दल बोलताना मला ही गोष्ट मध्ये आणावीच लागते. सडा रिकामा आहे असं आधी ठरवायचं आणि मग त्याचा उपयोग शोधायचा, अशी आपली रीत झाली आहे. माझं म्हणणं असं की, पावसाळ्यात पाहिल्याशिवाय कुठल्याही सड्याला रिकामा म्हणण्याचा अधिकार सरकारला नाही, खाणमालकाला नाही आणि आम्हा गावकऱ्यांनाही नाही. तिथे कोणी नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी खोदायला निघालेल्याची असली पाहिजे. आज ती उलटी, न खोदा म्हणणाऱ्याच्या गळ्यात आहे.

सडा म्हणजे जांभ्याचं पठार. दोन खाड्यांच्या मधोमध, गावाच्या डोक्यावर पसरलेला सपाट कातळ. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजून दख्खनचा काळा पाषाण झाला. त्यावर पुढे लाखो वर्षं उन्हापावसाचा मारा होत राहिला, त्यातली सिलिका धुऊन गेली, लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं मागे उरली. तो लाल, सच्छिद्र थर म्हणजे जांभा. होर्टाचं शरीर ज्या मूलद्रव्याचं, तेच आमच्या सड्याने पावसाला देऊन टाकलंय, म्हणजे होर्टा इथे जगली नसती. एरवीही सिलिकॉनचा जीव ही कल्पना अवघडच. आवर्तसारणीत सिलिकॉन कार्बनच्या थेट खाली बसतं आणि त्याच्यासारखेच चार बंध करतं, इथवर ठीक. पण कार्बन ऑक्सिजनशी जुळला की वायू होतो आणि तो श्वासावाटे बाहेर टाकता येतो. सिलिकॉनचं तसं झालं की वाळू होते. तरीही कूनच्या कल्पनेचं मोल कमी होत नाही. जीव म्हणजे काय याची आपली व्याख्या आपल्याच शरीरावरून बेतलेली आहे, हे त्याने पन्नास मिनिटांत दाखवून दिलं.

या मालिकेतल्या बहुतेक परग्रहवासीयांकडे पाहा. कान टोकदार, भुवया तिरक्या, कातडी हिरवट, बाकी सगळा माणूसच. दोन पाय, दोन हात, इंग्रजी बोलणारं तोंड. खर्च वाचवायला ते तसे केले गेले हे उघड आहे, पण त्यामुळे प्रेक्षकाचं काम सोपं झालं. जो आपल्यासारखा दिसतो त्याच्याशी बोलता येतं आणि त्याचे हक्क मान्य करणंही जड जात नाही. होर्टा मात्र सरपटणारा खडबडीत ढिगारा आहे. तिला डोळे नाहीत, तोंड नाही, चेहराच नाही. म्हणून तिला ओळखायला आधी पन्नास माणसं मरावी लागली आणि तिची हजारो अंडी फुटावी लागली.

आमच्या सड्यालाही चेहरा नाही. मे महिन्यात त्यावर उभे राहा. काळपट लाल कातळ, मधूनमधून करपलेलं गवत, एखादं खुरटं करवंदाचं जाळं, पायांखाली तव्यासारखा चटका. गाडीतून उतरलेल्या साहेबाला इथे काय दिसणार? आणि गावातला माणूसही वेगळं बोलत नाही. "सड्यार काय हाय? धोंडे!" हे मी लहानपणापासून ऐकत आलोय.

मिरग लागला की हाच सडा पंधरवड्यात ओळखू येत नाही. आधी मखमली लाल मिरगाचे किडे बाहेर पडतात. कातळातल्या बशीएवढ्या खळग्यांत पाणी साठतं आणि त्या खळग्यांमध्ये बेडकांची पिल्लं वळवळू लागतात. बोटभर मातीच्या थरावर पांढऱ्या फुलांची दीपकाडी वर येते. कोकण आणि त्याच्या आसपासचा पट्टा सोडला तर ती जगात कुठे सापडत नाही. मग गेंद, कवला, तेरडा, आणि निळ्या-जांभळ्या सीतेच्या आसवांचे ताटवे. सीतेची आसवं आणि दवबिंदू या दोन्ही वनस्पती किडे खाऊन जगतात. कातळावरच्या त्या चिमूटभर मातीत नत्र नाही, म्हणून त्यांनी ही वाट धरली. इतक्या तुटपुंज्यात जगण्याची विद्या ज्यांनी कमावली, त्यांच्या जागेला आपण ओसाड म्हणतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

दगडांखाली तर आणखी वेगळी वस्ती आहे. रत्नागिरीजवळच्या डोर्ले गावच्या परिसरातून १९६३ मध्ये पांढऱ्या पट्ट्यांच्या एका छोट्या पालीची शास्त्रीय नोंद झाली. घराच्या भिंतीवरची पाल ही नव्हे. ही सड्यावरच्या सुट्या दगडाखाली दिवस काढते आणि रात्री उघड्या कातळावर फिरते. तिच्या डोक्यावरचा दगड उचलून बांधाला लावला की तिचं घर गेलं. त्याच डोर्ल्याच्या परिसरातून २००३ मध्ये एका देवगांडुळाची, म्हणजे पाय नसलेल्या उभयचर प्राण्याची, नवी जात शास्त्राला कळली. एका गावाच्या शिवारात विज्ञानाला ठाऊक नसलेले दोन जीव निघाले. राजापूर, देवगड, मालवण, गुहागरच्या ज्या सड्यांवर कोणी वाकून पाहिलेलंच नाही, तिथे काहीच नसेल असं कुठल्या आधारावर म्हणायचं?

आणि टिटवी. होर्टाची गोष्ट सांगताना मला दर वेळी तीच आठवते, कारण तिची अंडीही दगडच वाटतात. माळटिटवी घरटं बांधत नाही. उन्हाळ्यात उघड्या सड्यावर थोडे खडे भोवती सारायचे आणि मध्ये अंडी घालायची, बहुधा चार. मातकट, काळ्या ठिपक्यांची. जांभ्याच्या खड्यांत ती अशी मिसळून जातात की पाऊलभर अंतरावर उभ्या असलेल्या माणसालाही दिसत नाहीत. दिसते ती आई. ती ओरडत डोक्यावरून घिरट्या घालते, पंख मोडल्याचं सोंग करत तुम्हाला दुसरीकडे नेते. दुपारच्या उन्हात पाणवठ्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवते आणि येऊन अंड्यांवर बसते, अंडी शिजू नयेत म्हणून. एप्रिल महिना तिचा ऐन विणीचा, आणि खाणीचं काम जोरात चालण्याचाही तोच. चिरे कापणाऱ्या यंत्राखाली एखादं घरटं गेलं तर यंत्र चालवणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. त्याला दोष देऊन काय करू? जानस सहावरच्या खाणकामगारांनाही कुठे ठाऊक होतं?

आपल्याकडे टिटवीची गोष्ट होर्टाहून कितीतरी जुनी आहे. समुद्राने टिटवीची अंडी नेली, ती पक्ष्यांकडे गेली, पक्षी गरुडाकडे गेले, गरुडाने विष्णूला गळ घातली, आणि समुद्राला अंडी परत द्यावी लागली. 'टिटवीदेखील समुद्र आटवते' ही म्हण आपण आंदोलनांत हमखास वापरतो, लहानांनी एकजूट केली की काय होतं हे सांगायला. पण त्या गोष्टीत टिटवीला गरुड भेटला. होर्टाला स्पॉक भेटला. दोघींचंही म्हणणं बलवानाच्या कानावर घालणारा कोणीतरी मधे होता. सड्यावरची टिटवी, ती पाल, ते देवगांडूळ यांचा मध्यस्थ कोण? कायद्याने तो नेमलेला आहे. पर्यावरणीय परिणामांचा अभ्यास करणारा सल्लागार. तो सड्यावर कधी जातो, हे मात्र पाहायला हवं.

खाणींच्या अभ्यासासाठी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाची ठरावीक कार्यकक्षा आहे. तिच्यात म्हटलंय की मूळ स्थितीची माहिती एका हंगामाची घ्यावी, पावसाळा सोडून. उन्हाळा चालेल, पावसानंतरचे महिने चालतील, हिवाळा चालेल. हवा, पाणी, आवाज, माती आणि त्याच दमात वनस्पती व प्राणी. हवेतल्या धुळीसाठी हा नियम योग्यच आहे. पावसात धूळ बसते, म्हणून धूळ सर्वांत जास्त कधी उडते ते कोरड्या दिवसांत मोजावं. पण हाच नियम जीवसृष्टीला लावला की सड्याच्या बाबतीत अनर्थ होतो. ज्या चार महिन्यांत सडा जिवंत दिसतो तेच चार महिने पाहणीतून वगळलेले. मग अहवालात 'तुरळक गवत व झुडपे, दुर्मीळ प्रजाती आढळल्या नाहीत' असं आलं तर ते लिहिणाऱ्याने खोटं लिहिलं असंही म्हणता येत नाही. त्याला खरंच काही आढळलेलं नसतं. आणि लहान चिरेखाणींची तपासणी तर याहूनही आटोपती असते.

दुसरा घोटाळा सातबारावर आहे. कातळाचं क्षेत्र तिथे पोटखराब म्हणून पडतं, म्हणजे लागवडीला अयोग्य. आकारणीच्या सोयीसाठी केलेली ही नोंद होती. शेतकऱ्याकडून कातळाचा सारा घेऊ नये, हा त्यामागचा चांगला हेतू. पण पुढे हीच नोंद जमिनीचं चारित्र्य ठरवू लागली. केंद्र सरकार राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राच्या मदतीने पडीक जमिनींचे नकाशे काढतं. उघडा खडकाळ भाग हा त्यांत पडीकचाच एक प्रकार आहे. उपग्रहातून कातळ कातळच दिसणार. म्हणून मोठ्या प्रकल्पाला जागा शोधताना बोट सड्यावर पडतं. ९,९०० मेगावॉटचा अणुप्रकल्प ठरला तो माडबनच्या सड्यावर. तेलशुद्धीकरणासाठी आधी नाणार निवडलं, २०१९ मध्ये तिथली अधिसूचना मागे घ्यावी लागली, तर पुढचं नाव बारसूच्या सड्याचं आलं आणि एप्रिल २०२३ मध्ये माती परीक्षणाच्या वेळी तिथल्या बायाबापड्या उन्हात कातळावर आडव्या पडल्या. या प्रकल्पांच्या बऱ्यावाईटाचा वाद वेगळा आहे, तो इथे मांडत बसत नाही. जागा निवडतानाचं पहिलं वाक्य, 'ही जमीन ओसाड आहे', तेवढंच मला खोडायचंय.

आता दुसऱ्या बाजूचं म्हणणं, कारण ते खरं आहे आणि ते टाळून चालणार नाही. मी ज्या घरात राहतो ते चिऱ्याचंच आहे. देवळाचा चौथरा चिऱ्याचा, विहिरीचं बांधकाम चिऱ्याचं, परड्याचा गडगा चिऱ्याचा. विजयदुर्गाची तटबंदी जांभ्याची आहे आणि समुद्राच्या माऱ्यात ती शतकानुशतकं उभी आहे. चिरा काढणं हे पाप असतं तर कोकणी माणूस उघड्यावर राहिला असता. ज्याची भातशेती वर्षाच्या तांदळालाही पुरत नाही, पोरं मुंबईला आहेत, आंब्याचं पीक हवामानाने दोन वर्षांआड हातचं जातं, त्याला वडिलोपार्जित सड्यावर खाण लावून चार पैसे मिळणार असतील तर त्याला 'नको' म्हणायला मी कोण? खाणीवर राबणारे बरेचसे कर्नाटकातून आलेले, डोळ्यांच्या पापण्यांपर्यंत लाल धुळीने माखलेले, खाणीच्याच कडेला ताडपत्रीखाली लेकराबाळांसह राहणारे. त्यांचं पोटही याच कातळावर आहे. सड्याला इजा फक्त खाणींनीच होते असंही नाही. कातळात सुरुंग लावून खड्डे पाडायचे, बाहेरून माती आणून भरायची आणि हापूसची कलमं लावायची, हे आम्हीच आमच्या सड्यांवर केलंय, आणि ते करताना दगडाखाली कोण आहे हे कोणी पाहिलं नाही.

तरीही पूर्वीचं चिरा काढणं आणि आताचं यांत फरक आहे. हाताने चिरा काढणारा पाथरवट एका घरापुरती खाण पाडायला महिने घेई. ती खाण पुढे गावचं तळं होई, म्हशी डुंबत. आता पात्याच्या यंत्राने दिवसाला ट्रकच्या ट्रक भरतात आणि सडा दोन-तीन पुरुष खोल चौकोनांत उतरत जातो. आमच्या वाडीच्या वरच्या अंगाला अशी एक खाण लागली. पहिल्याच पावसात वहाळ लाल झाला आणि विहिरीचं पाणी फडक्याने गाळून प्यायची वेळ आली. उन्हाळ्यात तीच विहीर पूर्वीपेक्षा लवकर तळाला गेली. खाणमालकाकडे परवाना होता, खरा होता, स्वामित्वधनही भरलेलं होतं. सड्यात मुरलेलं पाणी आमच्या विहिरीला येतं हे त्या परवान्यात कुठल्याच रकान्यात बसत नव्हतं. कोकणात तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि मे महिन्यात टँकर येतात. जांभ्याचा थर हे पाणी धरून ठेवतो, हळूहळू खालच्या झऱ्यांना सोडतो. जुन्या वाड्या, देवराया, देवळांची तळी ही सगळी सड्याच्या पायथ्याशी का वसली याचं उत्तर त्या थरात आहे. तो कापून नेला की पाणी थेट खाडीत.

इथे मला होर्टाच्या गोष्टीशी भांडायचंय. गोष्टीचा शेवट गोड आहे. होर्टा भुयारं खणणार, खाणवाले मागून खनिज गोळा करणार, दोघांचाही फायदा. प्रेक्षक सुखावतो. पण कूनने किती सवलती घेतल्या पाहा. होर्टा आई आहे, म्हणून तिची बाजू लगेच पटते. ती विचार करू शकते, खडकावर अक्षरं कोरून आपलं म्हणणं मांडू शकते. आणि सगळ्यात मोठं, ती उपयोगी पडते. समजा ती बोलली नसती, किंवा तिच्या भुयारांतून एक कणही खनिज मिळालं नसतं, तर? खाणवाल्यांनी तिला आणि तिच्या पिल्लांना जगू दिलं असतं का? गोष्ट तो प्रश्न विचारत नाही, आणि आपला खरा प्रश्न तिथूनच सुरू होतो. सड्यावरची पाल बोलणार नाही. दीपकाडीपासून आज तरी कोणाच्या खिशात पैसा येत नाही. 'औषधी असेल', 'पर्यटन वाढेल', 'कासच्या पठारासारखी तिकिटं लावता येतील' असं सांगून त्यांना वाचवणं मला नको वाटतं. उपयोगाच्या जोरावर मिळालेला जगण्याचा हक्क अधिक उपयोगी काही समोर आलं की त्याच न्यायाने काढूनही घेता येतो. तेलशुद्धीकरण कारखाना आणि फुलांच्या हंगामाची तिकिटं यांच्या हिशोबात फुलं कधीच जिंकणार नाहीत.

पाण्याचं मी मघाशी सांगितलं, तेही उपयोगाचंच बोलणं होतं हे मला मान्य आहे. माणसांशी बोलताना माणसांच्या गरजेचं बोलावं लागतं. पण विहिरीला पर्याय म्हणून नळ आणून दिला तरी सड्याचा प्रश्न सुटलेला नसेल, एवढं मला म्हणायचंय.

कातळशिल्पांचं उदाहरण या बाबतीत बोलकं आहे. हजारो वर्षांपूर्वी कोणीतरी याच सड्यांवर चित्रं कोरली. कशेळीचा प्रचंड हत्ती, त्याच्या पोटात कोरलेले कितीतरी प्राणी. बारसूला दोन वाघांमध्ये उभा माणूस. आज कोकणात औषधालाही नसलेला गेंडा. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सोबत्यांनी उन्हातान्हात सडे पालथे घालून ही शिल्पं जगासमोर आणली. २०२२ मध्ये उक्षी, जांभरूण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, कुडोपी आणि गोव्यातलं फणसामाळ ही ठिकाणं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. तोवर ही शिल्पंसुद्धा धोंडेच होती. गुराखी त्यांना पांडवांची चित्रं म्हणत, आणि त्यांच्याशिवाय कोणी काही म्हणत नव्हतं. आता ती वाचवायची आहेत यावर सगळ्यांचं एकमत आहे, पण कशी? चित्राभोवती चिऱ्याचं कुंपण घालायचं आणि कुंपणाबाहेर खाण चालू द्यायची, असा समजूतदार तोडगा हल्ली ऐकू येतो. मला तो टेबलावर ठेवलेल्या एका अंड्यासारखा वाटतो. ज्याने गेंडा कोरला त्याने तो चौकटीत बसवायला कोरला नव्हता. त्याचा गेंडा ज्या कातळावर चालत होता तो सगळा कातळ मिळून ते चित्र आहे.

आणि कोकणी माणसाला हे काही बाहेरून शिकायचं नाही. जमिनीला आपल्या आधी कोणीतरी मालक आहे, ही समजूत इथे घरोघरी आहे. राखणदार. विहीर खणायची, घराचा पाया काढायचा, नवी बाग करायची, तर आधी नारळ ठेवायचा, गाऱ्हाणं घालायचं, 'बा देवा महाराजा, या जागेचो जो कोण धनी आसात...', आणि जमलेल्यांनी 'व्हय महाराजा' म्हणायचं. वर्षाची राखण, म्हणजे त्याला द्यायचा मान, चुकवायची नाही. त्यामागची श्रद्धा कोणाला पटेल, कोणाला पटणार नाही. त्यातली वागणूक मला मोलाची वाटते. न दिसणारा, न बोलणारा, आपल्याला काही देणं न लागणारा असा कोणी इथे असू शकतो हे गृहीत धरायचं आणि कुदळ मारण्याआधी त्याला विचारायचं. अंडी राखत बसलेल्या होर्टाला आमच्या आजीने पहिल्या भेटीत ओळखलं असतं. आज तोच माणूस खाणीच्या करारावर सही करताना नारळ ठेवतो आणि ज्याच्यासाठी ठेवतो त्याचं घर यंत्राच्या हवाली करतो.

सगळ्या खाणी बंद करा, ही माझी मागणी नाही. ज्या सड्याचा बराचसा भाग आधीच खणून झालाय तिथेच खाणी एकवटाव्यात, आणि जे सडे अजून अखंड आहेत त्यांना हात लावू नये, हे शक्य आहे. त्यासाठी कोणता सडा कोणत्या स्थितीत आहे याची यादी हवी, आणि ती पावसाळ्यात फिरून केलेली हवी. खाणींच्या कार्यकक्षेतले 'पावसाळा सोडून' हे शब्द जीवसृष्टीच्या पाहणीपुरते तरी काढले पाहिजेत. निदान कोकणातल्या जांभ्याच्या पठारांसाठी जून ते सप्टेंबर ही पाहणी सक्तीची करायला हवी. ती राज्य सरकारही मागू शकतं, त्यासाठी दिल्लीकडे बघत बसायचं कारण नाही. संपलेल्या खाणी उघड्या टाकून जाणाऱ्याला पुढचा परवाना मिळू नये. त्या खड्ड्यांत गुरं पडतात आणि पोरंही.

ग्रामपंचायतीकडे यासाठी हत्यार आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याखालच्या नियमांनी गावाच्या जैवविविधता समितीला लोक जैवविविधता नोंदवही ठेवायला सांगितलंय. तिच्यात सड्याचं पान असलं पाहिजे आणि ते कार्यालयात बसून भरू नये. सड्याला नीट ओळखणारे लोक प्रत्येक वाडीत आहेत. गुरं वळणारा म्हातारा, पावसात फोडशी आणि अळंबी आणायला जाणाऱ्या बायका, गवत कापणारे. टिटवी कुठे बसते, कोणत्या खळग्यातलं पाणी दिवाळीपर्यंत टिकतं, पांढरी फुलं आधी कुठे येतात, हे त्यांना पाठ असतं. त्यांना शास्त्रीय नावं येत नाहीत. महाविद्यालयातला वनस्पतीशास्त्राचा शिक्षक सोबत असला की तीही येतील.

येत्या आषाढात, ज्या गावात चिरेखाणीचा अर्ज पडलाय तिथे, अर्जदार, तलाठी, सरपंच आणि ही मंडळी एकदा एकत्र सड्यावर जाऊ देत. छत्र्या घेऊन, सकाळपासून दुपारपर्यंत. दगड उचलून पाहावेत आणि पुन्हा जसेच्या तसे ठेवावेत. जे दिसेल त्याचा पंचनामा तिथेच व्हावा, अर्जाच्या फाइलला तो पहिलं पान म्हणून लागावा, आणि त्यावर पहिली सही किंवा अंगठा त्या गुराख्याचा असावा.